घोस्ट म्हणजे भूतच असं नाही: नाशिकच्या नव्या गाइडांसाठी एका शब्दाचा वापर

पितृपंधरवड्यातली सकाळ होती. गंगेवर पाय ठेवायला जागा नव्हती. नाशिकबाहेरून आलेल्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि रामकुंडाकडे निघताना घरात ‘गंगेवर जाऊन येते’ असंच सांगतो. माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गातला एक मुलगा एका परदेशी जोडप्याला फिरवत होता. गाइडचं काम सुरू करून त्याला जेमतेम महिना झाला होता. पायरीवर एक गृहस्थ पिंडदानाला बसले होते. बोटात दर्भाचं पवित्रक, समोर पत्रावळीवर भाताचे पिंड, आणि काळे तीळ घातलेलं पाणी हाताच्या कडेनं सोडणं चाललेलं. परदेशी बाईंनी विचारलं, हे काय करताहेत? आमच्या पठ्ठ्यानं छाती पुढे काढून सांगितलं, “मॅडम, ही इज फीडिंग द घोस्ट ऑफ हिज फादर.”

बाई दचकून एक पायरी वर चढल्या. नवऱ्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला. पिंडदान करणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, “माय फादर वॉज अ स्कूल टीचर. ही इज नॉट अ घोस्ट.”

संध्याकाळी मुलगा वर्गात आला तो तोंड पाडूनच. “मॅडम, डिक्शनरीत तर घोस्टचा अर्थ आत्मा दिलाय ना?” दिलाय. मेख तिथंच आहे.

हा लेख अशा नव्यांसाठी आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. पंचवटीत, त्र्यंबकला, द्राक्षमळ्यांतल्या मुक्कामांवर पुष्कळ मुलं-मुली पाहुण्यांशी इंग्रजीत बोलण्याच्या कामाला लागताहेत. कुणी घरबसल्या भाषांतरं घेतंय. या सगळ्यांची गाठ घोस्ट या शब्दाशी कधी ना कधी पडतेच. एका शब्दावर एवढं लिहायचं का, असं वाटेल. पण चुकीचा ‘द’ लावला तर कुणी दुखावत नाही, चुकीचा घोस्ट लावला की दुखावतं.

पायरी पहिली: आधी नीट उच्चारा

लिहिताना आपण घोस्ट लिहितो, कारण स्पेलिंग जी, एच, ओ, एस, टी असं आहे आणि जी-एच दिसला की आपला हात घकडे वळतो. बोलताना तो एच मुका असतो. ओठ गोल करून ‘गो’ म्हणा, ओ जरा लांबवून शेवटी किंचित उ-कडे झुकवा आणि मग ‘स्ट’. जीभ दातांमागेच राहू द्या. टाळूकडे वळली की ‘गोष्ट’ होते, आणि श घुसला की ‘गोश्त’. माझ्या वर्गात एकीनं “आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ गोश्त” म्हटलं होतं. तिच्या घरी माळकरी, त्यामुळे वाक्य अर्थानं बरोबर होतं, उच्चारानं चूक.

तो मुका एच आला कुठून, याची गंमत आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘गास्ट’ होता, एचविना. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्याआधी तो बरीच वर्षं फ्लेमिश मुलखात, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे, होता आणि तिकडे याच शब्दाचं स्पेलिंग जी-एच घालून करत. त्या वळणानं हा एच त्याच्या छापखान्यातून इंग्रजीत शिरला असं मानतात. पुढे शंभरेक वर्षांत तो पक्का झाला, आणि उच्चारात कधी आलाच नाही. तेव्हा एच हा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या हातचा आहे, बोलणाऱ्याच्या तोंडचा नाही. लिहा घोस्ट, बोला गोस्ट.

पायरी दुसरी: शब्दाचं मूळ घर बघून या

घोस्ट नेहमीच भीतीचा शब्द नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ श्वास, प्राण, जीव. बायबलमधल्या लॅटिन ‘स्पिरिटस’ला इंग्रजांनी हाच शब्द वापरला, म्हणून ‘होली घोस्ट’ तयार झाला. १६११ मध्ये छापलेल्या बायबलात तो आहेच. आता बहुतेक चर्चमध्ये ‘होली स्पिरिट’ म्हणतात, कारण मधल्या काळात घोस्ट म्हटलं की लोकांना पांढरी चादर आठवायला लागली. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘पवित्र आत्मा’ म्हणतात आणि शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत मिशनऱ्यांच्या काळापासून तेच चालत आलंय. कुणी ‘होली घोस्ट’चं भाषांतर ‘पवित्र भूत’ करून आणलं, तर समजायचं की यंत्रानं केलंय. माणसानं केलं असेल तर त्याला चहा पाजून समजवायचं.

मेलेल्या माणसाची दिसणारी छाया हा अर्थ चौदाव्या शतकापासून जोर धरत गेला, आणि पुढे तोच मुख्य झाला. पण प्राण हा जुना अर्थ एका वाक्प्रचारात अजून धुगधुगतोय: ‘गिव्ह अप द घोस्ट’. प्राण सोडणे. माणसाबद्दल आता तो जुनाट वाटतो, पण यंत्राबद्दल रोज वापरतात. ‘माय स्कूटर गेव्ह अप द घोस्ट नियर द्वारका’ याचं मराठी ‘माझ्या स्कूटरनं द्वारका चौकाजवळ मान टाकली’. त्यात भूत कुठंच नाही.

आता आपल्या ‘भूत’कडे बघा. संस्कृतात भूत म्हणजे जे झालं ते, जे आहे ते. म्हणून पंचमहाभूतं, म्हणून भूतदया, म्हणून भूतकाळ. तोही मुळात निरुपद्रवीच. घोस्ट प्राणाच्या अर्थावरून आला, भूत असण्यापासून निघालं आणि दोघांची गाठ पडली ती फक्त रात्रीच्या पिंपळाखाली. द्वारका चौकात पुण्याचा रस्ता आणि आग्रा रोड भेटतात, म्हणून कुणी पुण्याच्या रस्त्यानं धुळ्याला जातो का? इथंही तसंच आहे.

पायरी तिसरी: स्पिरिट आणि बाकीची भावंडं

इंग्रजीत या घरातले शब्द बरेच. नाशिकमध्ये सगळ्यात जास्त लागणारा आणि सगळ्यात जास्त घोळ घालणारा आहे स्पिरिट, म्हणून त्यावर थोडी थांबते.

स्पिरिट लॅटिनमधून आला, श्वास घेण्याच्या क्रियापदावरून. जुना अर्थ घोस्टसारखाच, पण हा शब्द घाबरवायला शिकला नाही. मेलेल्या माणसाबद्दल आदरानं बोलायचं तर स्पिरिट चालतो. ‘टीम स्पिरिट’मध्ये तो जिद्द आहे, ‘इन हाय स्पिरिट्स’मध्ये खुशीत असणं. ‘द स्पिरिट ऑफ द लॉ’ म्हणजे कायद्याच्या शब्दामागचा हेतू. गवंड्याच्या लेव्हलमध्ये बुडबुडा हलतो ती ‘स्पिरिट लेव्हल’, कारण तिच्या नळीत पूर्वी अल्कोहोल भरत. आणि इंजेक्शनच्या आधी दंडावर गार लागतं ते स्पिरिट तर तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

अल्कोहोलला स्पिरिट का म्हणायचं? जुने किमयागार द्रव तापवत, त्याची वाफ वर जाई, ती गार करून थेंब-थेंब जमवत. पदार्थाचा प्राणच वर उडाला आणि आपण तो बाटलीत धरला, अशी त्यांची समजूत. म्हणून ऊर्ध्वपातन करून काढलेली दारू तेवढी ‘स्पिरिट्स’: ब्रँडी, व्हिस्की, रम, जिन. वाइन आंबवून होते, ऊर्ध्वपातनानं नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या वायनरीत काम लागलं आणि तुम्ही पाहुण्यांना “वी मेक गुड स्पिरिट्स हिअर” म्हणालात, तर जाणकार पाहुणा ब्रँडी मागेल आणि तुम्ही वाइनची बाटली घेऊन उभे राहाल. द्राक्षं तीच असतात. ब्रँडी वाइनपासूनच काढतात. पण मधली ती वाफ झाली की नाही, त्यावर शब्द ठरतो.

बाकीची भावंडं भरभर उरकू.

‘सोल’ म्हणजे जिवंतपणीही आत असतो तो जीव, तो कुणाला दिसत नाही. ‘फँटम’मध्ये भासाचा अंश जास्त, म्हणून कापलेल्या पायात दुखतं त्याला ‘फँटम पेन’ म्हणतात. ‘स्पेक्टर’ पुस्तकी, बातम्यांत भेटतो: ‘द स्पेक्टर ऑफ ड्रॉट’, दुष्काळाचं सावट. बोलताना वापरू नका, भाषण दिल्यासारखं वाटतं. ‘डीमन’ म्हणजे राक्षस किंवा सैतानाच्या गटातला, तो कुणा मेलेल्या माणसाचा नसतो.

‘स्पूक’बद्दल मात्र सावध राहा. ‘स्पूकी’ म्हणजे भीती वाटावी असं, ते बिनधास्त वापरा. पण नुसता ‘स्पूक’ अमेरिकेत काळ्या वर्णाच्या लोकांसाठी शिवी म्हणून वापरला गेलाय, आणि गुप्तहेरांसाठीही तो बोलीत आहे. गमतीत म्हणून जाल आणि पाहुणा उठून जाईल. हा शब्द तुमच्या पिशवीत नसला तरी काही अडत नाही.

पायरी चौथी: आपलं त्यांना सांगताना

नाशिकच्या गाइडची खरी परीक्षा इथं होते.

पहिला नियम मी फळ्यावर लिहून ठेवते: पितर कधीही घोस्ट नाहीत. घोस्ट म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात एक अडकलेला, अस्वस्थ, बहुधा त्रास देणारा कुणीतरी उभा राहतो. आपल्या परंपरेत या अवस्था आधीच वेगळ्या केलेल्या आहेत. रोजच्या मराठीत प्रेत म्हणजे मृतदेह, पण विधीच्या भाषेत प्रेत म्हणजे नुकताच पुढे गेलेला जीव. मूळ शब्दच ‘प्र’ आणि ‘इत’, पुढे गेलेला. बाराव्या दिवसाच्या सपिंडीकरणानंतर तो पितरांत मिळतो. त्यापुढे दर भाद्रपदात त्याला बोलावून जेवू घालतात. जो अडकून राहिला, ज्याला गती मिळाली नाही, तो भूत. म्हणजे घाटावर बसलेला माणूस वडिलांचं भूत होऊ नये म्हणून विधी करतोय आणि तुम्ही त्याच्या तोंडावर सांगताय की झालंच. तो शिक्षकाचा मुलगा दुखावला तो यामुळे.

मग म्हणायचं काय? पितरांना ‘अ‍ॅन्सेस्टर्स’. नुकत्याच गेलेल्याला ‘द डिपार्टेड’ किंवा ‘द डिपार्टेड सोल’. पिंडदानाला एक साधं वाक्य पाठ करा: ‘ही इज ऑफरिंग राइस बॉल्स इन मेमरी ऑफ हिज फादर अँड अ‍ॅन्सेस्टर्स.’ ‘फीडिंग’ टाळा, ते जनावरांना आणि तान्ह्या मुलांना. त्र्यंबकच्या नारायण नागबळीबद्दल विचारलं तर ‘अ राइट फॉर अ‍ॅन्सेस्टर्स हू डाइड अ‍ॅन अनटाइमली डेथ’ एवढं पुरे. पाहुण्याला अजून हवं असेल तर तो विचारेल.

कावळ्याचा प्रश्न हमखास येतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक ताटकळतात, पंधरवड्यात गच्चीवर कावळ्याचा घास ठेवतात. “इज द क्रो अ घोस्ट?” असं पाहुणा विचारतो आणि आपण मान डोलावतो, कारण वाद कोण घालणार. मान डोलावू नका. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा राहिली नाही असं मानतात, एवढंच सांगा: ‘इफ द क्रो टेक्स द फूड, द फॅमिली बिलीव्ह्ज द सोल इज अ‍ॅट पीस.’ ‘बिलीव्ह्ज’ हा शब्द इथं फार कामाचा आहे. तो घातला की तुम्ही स्वतः मानता की नाही, हा प्रश्न उरत नाही आणि घरच्यांचा मानही राहतो.

आता खरी भुतं. त्यांच्यासाठी घोस्ट चालतो, पण सगळ्यांना एकाच चादरीखाली झाकू नका. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी गेलेल्या मुलाचं भूत, पिंपळावर राहणारं. हडळ ही बाई. समंध कशात तरी जीव अडकलेला. अशा वेळी मराठी शब्द तसाच ठेवा आणि पुढे एक ओळ जोडा: ‘अ मुंजा, द घोस्ट ऑफ अ बॉय हू डाइड बिफोर मॅरेज.’ पाहुण्यांना हे आवडतं, तो शब्द ते वहीत लिहून घेतात. चकव्याला मात्र घोस्ट म्हणू नका. रात्री त्याच त्याच वाटेवर फिरत ठेवणारा तो प्रकार आहे, त्याला चेहरा नसतो. ‘समथिंग दॅट मेक्स यू वॉक इन सर्कल्स अ‍ॅट नाइट’ म्हटलं की भागतं. आणि वेताळ? तो भुतांचा राजा खरा, पण किती तरी गावांत तो राखणदार देव आहे, शेंदूर लावलेला, नारळ फोडून घेणारा. त्याच्या देवळापुढे उभं राहून ‘घोस्ट टेम्पल’ म्हणालात तर गावकरी काय म्हणतील ते मी इथं लिहीत नाही.

अंगात येणं हेही तसंच. वणीच्या गडावर एखादीच्या अंगात देवी येते तेव्हा ‘पझेस्ड बाय अ घोस्ट’ म्हणणं अपमान आहे. ‘द गॉडेस हॅज कम इन्टू हर’ म्हणा, सरळ मराठीच्या चालीवर. इथं ती चाल इंग्रजीतही चालते.

घोस्ट हाच शब्द नेमका बसतो अशी एक जागा सांगते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या बहाण्यानं माणसाला बांधून ठेवणं, मारहाण करणं हा गुन्हा ठरवलाय. तिथलं भूत म्हणजे घोस्टच, पितर नव्हेत की प्राण नव्हे. पाहुण्यानं असल्या प्रकारांबद्दल विचारलं तर हा कायदा आहे हेही सांगावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

राहिले आपले वाक्प्रचार. ‘त्याच्या डोक्यात क्रिकेटचं भूत शिरलंय’ यात ‘ऑब्सेस्ड विथ क्रिकेट’. ‘झपाटलेलं’ या आपल्या एका शब्दाला इंग्रजीत दोन लागतात: घर ‘हॉन्टेड’, माणूस ‘पझेस्ड’. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ याचं शब्दशः भाषांतर करू नका. मी एकदा केलं होतं, आणि मग ब्रह्मराक्षस म्हणजे काय हे समजावण्यात पाहुण्यांची बस सुटली.

पायरी पाचवी: त्यांचं आपल्यात आणताना

भाषांतराचं काम घेणाऱ्यांनी ही पायरी सावकाश उतरावी. आजच्या इंग्रजीत घोस्ट हा शब्द मेलेल्या माणसांखेरीज इतर गोष्टींसाठीही पुष्कळ येतो. त्या सगळ्यांत एक धागा आहे: दिसतंय पण नाही, किंवा आहे पण दिसत नाही. यातलं कुठलं, ते आधी ओळखा. मराठी शब्द आपोआप सुचतो.

दिसतंय पण नाही, याचं मला कळलेलं पहिलं उदाहरण गच्चीवरचं. अँटेनाच्या काळात टीव्हीवर प्रत्येक माणसाच्या उजव्या अंगाला त्याचीच एक फिकट आकृती उभी असायची. भाऊ गच्चीवर अँटेना फिरवायचा, मी खिडकीतून ओरडायची, “अजून दोन-दोन दिसतायत!” डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून आलेला सिग्नल सरळ आलेल्या सिग्नलपेक्षा क्षणभर उशिरा पोचतो, म्हणून ती दुसरी आकृती जरा बाजूला उमटते. तिला इंग्रजीत घोस्ट म्हणतात हे फार नंतर कळलं. तोवर आम्ही तिला सावली म्हणत होतो, आणि मला अजूनही तोच शब्द बरोबर वाटतो.

नाशिकरोडच्या लोकांना दुसरं उदाहरण जवळचं. तिथल्या प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका छापतात. पासपोर्ट, ओळखपत्रं अशा कागदांवर मुख्य फोटोखेरीज तोच फोटो पुन्हा छोटा आणि पुसट छापण्याची पद्धत आहे, नक्कल करणं अवघड जावं म्हणून. त्याला ‘घोस्ट इमेज’ म्हणतात. माहितीपत्रकात याचं ‘भुताची प्रतिमा’ झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘पुसट प्रतिमा’ लिहा, काम होतं.

‘घोस्ट टाउन’ म्हणजे ओस पडलेलं गाव. घरं दिसतात, माणसं नाहीत. ‘अ घोस्ट ऑफ अ स्माइल’ म्हणजे ओठांवर हसू उमटलं न उमटलं. ‘नॉट अ घोस्ट ऑफ अ चान्स’ याला मराठीत तयार शब्द आहे: सुतराम शक्यता नाही. ‘यू लुक अ‍ॅज इफ यू हॅव सीन अ घोस्ट’ यात भूत ठेवलं तरी चालेल, पण ‘चेहरा पांढराफटक पडलाय तुझा’ हे जास्त आपलं.

आहे पण दिसत नाही, या गटात ‘घोस्टरायटर’. पुस्तक त्यानं लिहिलेलं असतं, नाव दुसऱ्याचं छापतात. काही जण ‘भूतलेखक’ लिहितात. मला तो शब्द पटत नाही, भुताच्या गोष्टी लिहिणारा वाटतो. ‘पडद्याआडचा लेखक’ बरा. हजेरीपटावर नाव आणि कामावर कुणीच नाही, अशा ‘घोस्ट एम्प्लॉयी’ला मराठी बातमीत ‘बोगस कर्मचारी’ किंवा ‘कागदावरचा कामगार’. ‘घोस्ट किचन’ म्हणजे बसायला जागा नसलेलं, फक्त पार्सलचं स्वयंपाकघर. कॉलेज रोडकडे त्याला क्लाउड किचन म्हणतात, तेच ठेवा.

आणि मग ‘घोस्टिंग’. वर्गातल्या मुलांना सगळ्यात जास्त रस यात. रोज बोलणारा माणूस एक दिवस कारण न सांगता गप्प होतो. फोन नाही, मेसेजला उत्तर नाही. मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात हा अर्थ २०१७ मध्ये आला. मराठीत ‘अबोला’ लिहावं का, असं एकीनं विचारलं. नको. अबोला धरणाऱ्याला वाटत असतं की समोरच्यानं येऊन मनधरणी करावी. तो घरातच असतो, ताट जरा आपटून ठेवतो. घोस्ट करणारा निघूनच गेलेला असतो. ‘टांग दिली’ म्हणजे ठरलेल्या वेळी आला नाही, तेही वेगळं. मुलं सरळ ‘त्यानं मला घोस्ट केलं’ म्हणतात. संवादात मी तेच ठेवते, लेखात ‘काही न सांगता संपर्क तोडला’.

एक तिखट उदाहरण. आसामकडची भूत जोलोकिया मिरची २००७ मध्ये जगातली सगळ्यात तिखट म्हणून गिनीज बुकात गेली, दहा लाखांहून जास्त स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं माप). इंग्रजीत ती ‘घोस्ट पेपर’ झाली. त्या नावातलं ‘भूत’ हे खरं भूत की भूतान, भोटिया यांकडून आलेलं, यावर दोन मतं आहेत. पण इंग्रजांनी घोस्ट पक्का केला, आणि आता आपलीच मंडळी मेन्यूकार्डावर ‘घोस्ट मिरची’ लिहितात. तिला मूळ नावानं बोलवा.

भाषांतराकडे वळलेल्यांसाठी थोडं अवांतर: शब्दकोशावर आंधळा भरवसा नको. वॉल्टर स्कीट नावाच्या अभ्यासकानं १८८६ मध्ये ‘घोस्ट वर्ड’ ही संज्ञा काढली, म्हणजे चुकून जन्मलेला, प्रत्यक्षात कुणीच न वापरलेला शब्द. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात असा एक घुसला होता: ‘डॉर्ड’, अर्थ घनता. झालं असं होतं की घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी हे संक्षेप चालतात, अशी एक चिठ्ठी रसायनाच्या संपादकानं लिहिली होती. ‘डी ऑर डी’ हे तिन्ही तुकडे कुणीतरी जोडून वाचले आणि शब्द तयार झाला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही. छापील प्रतींतून तो जायला आणखी काही वर्षं लागली.

पायरी सहावी: व्याकरण, दोनच गोष्टी

घोस्ट क्रियापद म्हणून वापरताना मध्ये ‘टू’ नको. आपल्याकडे ‘मला’ असतं म्हणून जीभ ‘ही घोस्टेड टू मी’ म्हणते. ‘ही घोस्टेड मी’ एवढंच. स्वतःकडून सांगायचं तर ‘आय वॉज घोस्टेड’.

दुसरं, नाम मोजता येतं, म्हणून ‘अ घोस्ट’, ‘टू घोस्ट्स’. नुसतं ‘देअर इज घोस्ट’ म्हणू नका. अनेकवचनात शेवटी स-ट-स असा गठ्ठा येतो आणि आपली जीभ अडखळून ‘गोस्टेस’ म्हणते. ‘वेस्ट्स’, ‘टेस्ट्स’ म्हणून सराव करा.

वर्गात मी शेवटी पाठांतर घेत नाही, गंगेवर नेते. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांना घेऊन गेले. तोच मुलगा, या वेळी दुसरे पाहुणे, दोन मैत्रिणी, साठीच्या. घाटावर तीच गर्दी, पिंडांवर तेच तीळ. मी दहा पावलं मागे उभी राहिले. एकीनं विचारलं, हे काय? मुलगा क्षणभर थांबला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, “टुडे फॅमिलीज रिमेंबर ऑल देअर अ‍ॅन्सेस्टर्स. ही इज ऑफरिंग राइस बॉल्स इन मेमरी ऑफ हिज पेरेंट्स.” दोघींनी न सांगता हात जोडले. त्या पाच मिनिटं तशाच उभ्या होत्या. मग दुसरीनं हळूच विचारलं, सगळेजण वर झाडाकडे का बघताहेत?

“द क्रो इज लेट, मॅडम.”